नरपडच्या किनाऱ्यावरचा ट्रामचा बाक

बसा, मित्रांनो, बसा. पण जरा उजवीकडे सरकून बसा. डावीकडची पट्टी सैल झाली आहे, ती चिमटा काढते. ट्रामचा जुना बाक आहे मी. हसू नका! इथे डहाणूजवळ नरपडला, सुरूची झाडं आणि समुद्र यांच्या मधे, ना रूळ ना विजेची तार, मग ट्रामचा बाक कुठून आला असं तुम्हाला वाटलंच असेल. मलाही रोज वाटतं. एका जागी राहायचं म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. शाळा सुटायच्या आधी तुम्ही जशी चुळबुळ करता ना, तशी माझी दिवसभर चाललेली असते. माझे पाय बिडाचे आणि वाळूत रुतलेले, म्हणून ती कुणाला दिसत नाही एवढंच.

माझं लाकूड मात्र परकं नाही हं. तलासरीकडच्या रानात मी साग म्हणून वाढलो. काळ्या नावाच्या वारली लाकूडतोड्याने आधी माझ्या खोडावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि मगच कुऱ्हाड घातली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू का? इतकी वर्षं एकाच टेकडीवर उभं राहून मी विटून गेलो होतो. बैलगाडी खडखडत डहाणूच्या वाटेला लागली तेव्हा मला आनंदच झाला. पन्नास-एक्कावन्न साल असेल ते. डहाणूला मला मालगाडीत चढवलं आणि मी मुंबईला पोचलो.

तिथल्या ट्रामच्या कारखान्यात मिस्त्रीने मला रंधा मारला, पट्ट्या पाडल्या, पॉलिश केलं. माझी पाठ त्याने पक्की ठोकली नाही, इकडून तिकडे पलटेल अशी बसवली. त्याचं कारण नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. ट्राम कधी तोंड फिरवून मागे वळत नाही. शेवटच्या थांब्यावर पोचली की ड्रायव्हर आपलं पितळी हँडल काढून घेतो, खाली उतरतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे ते बसवतो. मघाचं मागचं टोक आता पुढचं झालं! मग कंडक्टर एकेका बाकाची पाठ खाड् खाड् पलटत जातो, म्हणजे लोकांची तोंडं पुन्हा पुढे होतात.

दादर ते बोरीबंदर अशी माझी येरझार चालायची. परळ, लालबाग, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट, आणि पुन्हा उलट. काय मजा होती म्हणून सांगू! गिरणीचे कामगार माझ्यावर बसून डुलक्या काढत. कॉलेजची मुलं चालत्या ट्राममधून उड्या टाकत. एक पारशी आजोबा रोज बसताना माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "लाकडुं तो आनुं नाम!" सागवान असावं तर असं, असं म्हणायचं असायचं त्यांना, आणि मी दिवसभर फुगून राहायचो. सुरीने नावं कोरणारेही भेटले. कोरू नका असं तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का? नाही ना? मग राहू दे.

आमचा ड्रायव्हर होता मोतीराम. नरपडचा, कोळ्याचा मुलगा. दादरहून निघताना त्याच्या पाठीमागचा पहिला बाक मीच, त्यामुळे त्याची मान मला चांगली पाठ झाली होती. हात शांत होता त्याचा. ट्राम थांबवली तर उभ्या बाईच्या हातातला चहासुद्धा हिंदकळायचा नाही. पण तो स्वतः शांत नव्हता. रिकामा वेळ मिळाला की पायाने घंटेच्या खटक्याशी चाळा करायचा आणि गावाचा विषय निघाला की चेहरा पाडायचा. कंडक्टर नारू चिंचणीचा. तो चिडवायचा, "कोळ्याचा पोर तू, आणि दर्या सोडून रुळावरनं काय चालतोस रे मोत्या?" मोतीराम ऐकलं न ऐकल्यासारखं करून ठण ठण घंटा वाजवायचा. गावी गेला तरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी त्याच्या इतका जवळ, पण त्याला काय खुपतं ते मलाही कळलं नव्हतं.

मग बातमी फुटली की मुंबईतल्या ट्राम आता बंद होणार. चौसष्ट सालचा माघ महिना होता. एके दिवशी भर दुपारी दादरला डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली एक बाई आमच्या ट्रामपुढे येऊन उभी राहिली. काष्टा घट्ट खोचलेला, कपाळावर घाम, आणि आवाज असा की समोरच्या हॉटेलातले लोक बाहेर डोकावले.

"मोत्या! उतर खाली!"

मोतीराम दचकला. "आये! तू इथे कशी?"

"तू येत नाहीस, मग मीच आले."

ही वेणूबाय, मोतीरामची आई. मोतीरामचा बाप वारला होता आणि त्यांची होडी किनाऱ्यावर उपडी पडली होती. घरात दुसरा पुरुष नाही. सुकलेलं लाकूड उन्हात तडकायला लागलं होतं, आणि नात्यातला चंदर म्हणत होता, पोर येत नसेल तर होडी मला द्या. वेणूबायला ते मुळीच नको होतं. नवऱ्याची होडी मुलानेच हाकावी, एवढा एकच ध्यास घेऊन ती मुंबईला आली होती. ट्राम बंद होणार, म्हणजे आता पोराला सबब राहिली नाही असा तिचा हिशेब.

"आये, गाडी सोडायची वेळ झाली," मोतीराम म्हणाला.

"सोड की! मी काय तुझ्या गाडीला मिठी मारून बसले आहे?" असं म्हणून ती चढली आणि बरोब्बर माझ्यावर येऊन बसली. टोपली पायाशी ठेवली. शेजारच्या साहेबाने नाकाला रुमाल लावला तशी म्हणाली, "घरी जाऊन हेच खाशील ना भाऊ? मग आता कशाला नाक मुरडतोस?"

ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी समोरच होती. पण वेणूबायला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिने काय जुमानलं असतं? दादर सुटल्यापासून ती मोतीरामच्या पाठीशी बोलत होती. "तुझ्या बापाने ती होडी स्वतः उभं राहून बांधून घेतली. आता तिच्यावर कुत्री झोपतात. तुला लाज कशी वाटत नाही रे? मुंबईचं पाणी लागलं तुला. साहेब झालास. अंगाला खारं पाणी नको, मासळीचा वास नको. आळशी मेला!" प्रत्येक वाक्याला मोतीराम घंटा बडवत होता. रस्त्यावर समोर कुत्रंही नव्हतं, तरी ठण ठण ठण. एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही. माझ्या पट्ट्या नुसत्या तापल्या होत्या. कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना.

बोरीबंदर आलं. मोतीराम हँडल घेऊन खाली उतरला. वेणूबायला वाटलं, आता गाडी वळेल, पोर पुन्हा समोर येईल आणि राहिलेलं बोलता येईल. नारू पाठी पलटत आमच्यापर्यंत आला.

"मावशी, जरा उठा. बाकाची पाठ फिरवायची आहे."

"का म्हणून?"

"गाडी आता उलटी जाणार."

"उलटी कशी जाईल? होडी कधी उलटी चालते का? नाळ वळवतात, अख्खी होडी फिरते, बसलेला माणूस बसल्या जागी बसतो. मी बसले ती बसले. तुझी गाडी वळव."

कोळ्याच्या बाईला कोण समजावणार? होडीला नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, एकच आणि ती ज्या बाजूला तेच पुढे, हे ती जन्मापासून बघत आलेली. दोन्ही बाजूंना नाळ असलेलं वाहन तिच्या डोक्यात शिरेना. नारूने हात जोडले, लोक हसले, मागच्या ट्रामवाल्याने घंटा बडवली. शेवटी नारू कंटाळून निघून गेला. सगळे बाक पलटले, मी एकटाच राहिलो. ट्राम निघाली ती वेणूबायच्या पाठीमागच्या बाजूला. मोतीराम पार दुसऱ्या टोकाला, आणि ही इकडे ड्रायव्हरच्या रिकाम्या झालेल्या जागेकडे तोंड करून ताठ बसलेली.

क्रॉफर्ड मार्केटपर्यंत ती तोऱ्यात होती. चढणारी-उतरणारी माणसं तिच्याकडे बघत होती, तीही त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती. पुढे वळण आलं. ट्राम डाव्या-उजव्या अंगाने डुलायला लागली, दुकानं मागे जायच्याऐवजी तिच्या डोळ्यांसमोरून उलटी पळायला लागली. तिचा तोरा उतरला. तिने माझी कड घट्ट धरली. हात गार पडले होते. भायखळा यायच्या आत तिचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला आणि "अगो बाय गो, मेले मी" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

नारूने दोरी खेचून घंटा दिली. भर रस्त्यात ट्राम थांबवून मोतीराम आतून धावत आला.

"काय होतंय आये?"

"पोटात ढवळतंय रे. सगळं फिरतंय. मरणार मी."

"कुणी मरत नाही यानं." त्याने तिला धरून उठवलं, खाड्कन माझी पाठ पलटली आणि तिला पुढे तोंड करून बसवलं. "डोळे मिटू नको. खाली बघू नको. लांब बघ. ती गिरणीची चिमणी दिसते ना? ती हलत नाही. तिच्यावर नजर ठेव. हळूहळू श्वास घे."

मागे ट्रामची रांग लागली होती. घंटा, शिव्या, सगळा गोंधळ. मोतीराम हलला नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो माझ्यापुढे उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळाने वेणूबायच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तिने विचारलं, "तुला रे कसं ठाऊक हे सगळं?"

मोतीरामने मान खाली घातली. "बाबांनी शिकवलं. होडीत. आये, मला दर्यात असंच होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हापासून, दर वेळी. जाळं ओढायचं सोडून मी कडेला लोळत पडायचो. बाबा म्हणायचे, किनाऱ्यावरच्या ताडाकडे बघ. म्हणायचे, आयशीला सांगू नको, गावाला कळलं तर लोक जगू देणार नाहीत."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं असतं, पण लाकडाला ते कुठलं जमायला! पोटात ढवळणं म्हणजे काय ते वेणूबाय आता स्वतःच्या पोटाने शिकली होती. मोतीराम परत जाऊन हँडलपाशी उभा राहिला, ट्राम चालू झाली.  तिकीट द्यायला आलेल्या नारूला वेणूबाय म्हणाली, "आळशी म्हटलं रे मी त्याला, साहेब म्हटलं. काय होतंय तुला, एवढं काही कधी विचारलं नाही." दादरला उतरताना तिने मोतीरामला बजावलं, "घरी ये. पण हे कुणाजवळ बोलू नको. होडीचं मी बघते काय ते."

मार्च संपला आणि ट्रामही संपल्या. ज्या गाड्यांवरून लोक लटकून जायचे त्या एका आवारात नेऊन सोडल्या. कुणी काचा काढल्या, कुणी पितळ काढलं. मला उखडून ढिगावर फेकलं. उन्हात पॉलिश उडालं, कावळ्यांनी घाण केली. पारशी आजोबांनी मला तिथे बघितलं असतं तर ओळखलंही नसतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे मी हलत नव्हतो. आता चुलीतच जाणार असं वाटत असताना मोतीराम आला. त्याने भंगारवाल्याकडून मला मागून घेतलं आणि नरपडला आणून किनाऱ्यावर ठेवलं. आई ज्याच्यावर बसली तो बाक, म्हणून.

आता वाटेल, सगळं गोड झालं. कसलं गोड! नोकरी गेलेला मोतीराम घरी आलेला बघून गाव म्हणायला लागलं, आता होडी निघणार. वेणूबाय रोज नवी सबब शोधत होती. आज काय त्याचा खांदा दुखतो, उद्या काय दिवस बरा नाही. खोटं बोलायची सवय नसलेली बाई. बोलून झालं की माझ्यावर येऊन बसायची, लगेच उठायची, पुन्हा बसायची. मोतीराम वाळूवर फेऱ्या घालायचा. आम्ही तिघंही सारखेच अस्वस्थ. चंदर सरळ माणूस होता, पण त्यानेही शेवटी स्पष्ट सांगितलं, "वहिनी, नारळी पुनवेला मोतीराम होडी पाण्यात घालणार असेल तर उत्तम. नाहीतर मी नेतो. लाकूड वाया घालवायचं पाप नको."

नारळी पुनव आली. सगळं गाव किनाऱ्यावर. होडीला नवा रंग दिलेला, नाळेला फुलांचा हार, बायका नटूनथटून आलेल्या. समुद्राला सोन्याचा नारळ अर्पण झाला आणि चंदरने हाक मारली, "चल मोतीराम, चढ!"

"कालपासून ताप आहे त्याला," वेणूबाय माझ्यावर बसल्या बसल्या पुटपुटली.

शेजारची मैना खिदळली. "तुझ्या पोराला पाणी बघून ताप येतो काय गो वेणू?"

सगळे हसले. मोतीरामचे कान लाल झाले. आईचं नाक कापलं जाऊ नये म्हणून तो निघाला, सरळ पाण्याकडे. सदरा काढून त्याने वाळूवर टाकला. गुडघाभर पाण्यात गेला, होडीच्या कडेला हात घातला. होडी लाटेवर डुलत होती आणि त्याचा चेहरा आत्ताच पिवळा पडायला लागला होता. इतरांच्या ते लक्षात आलं नाही. वेणूबायच्या आलं.

ती ताडकन उठली. "थांब रे मोत्या! चढू नको!"

मग गावाकडे तोंड करून, दादरच्या हॉटेलातल्या लोकांना बाहेर काढणाऱ्या त्याच आवाजात ती म्हणाली, "ऐका सगळे! माझ्या पोराला होडी लागते! हो, कोळ्याच्या पोराला होडी लागते. त्याच्या बापाने लपवलं, मी लपवलं, आता लपवणार नाही. हसा, पोटभर हसा! मलाही मुंबईत ट्राम लागली, पाण्याचा थेंब नव्हता तिथे, तरी ओकायची पाळी आली. घटकाभर झालं तर मला मरण आठवलं, आणि हा पोरगा बापाच्या शब्दाखातर ते किती वेळा सोसून आला! चंदर, होडी तू ने. मला पोर हवा. जमिनीवर, धडधाकट."

हसू आलं खरं, पण ते मधेच विरलं. मैनाने पदर तोंडाला लावला. चंदर म्हणाला, "आधी सांगायचं ना वहिनी. आम्ही काय परके होतो?" आणि तो होडीत चढला. नवऱ्याची होडी दुसऱ्याच्या हाताने लांब जाताना बघून वेणूबाय ढसाढसा रडली. मोतीराम पाण्यातून आला आणि तिच्या शेजारी बसला. दोघांच्या वजनाने माझी पट्टी सैल झाली ती तेव्हापासून.

आज मोतीराम डहाणूहून तलासरीच्या बाजाराला सुक्या मासळीची लॉरी नेतो. शिकताना फार फजिती झाली त्याची. ट्रामला वळवायचं चाकच नसतं, त्यामुळे पहिल्या वळणावर गडी लॉरी घेऊन चिकूच्या वाडीत घुसला होता! वेणूबाय मात्र त्या लॉरीत बसत नाही. जिथे जायचं तिथे चालत जाते, आणि संध्याकाळी लॉरीची वाट बघत माझ्यावर टेकते. माझी तक्रार नाही असं नाही. एका जागी राहून खाऱ्या वाऱ्याने मी गंजतो आहे, आणि तेलाचं बोट माझ्या बिजागरीला लावायचं कुणाला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर लावा.

पण ते नाही केलंत तरी चालेल. माझं मागणं दुसरंच आहे, मित्रांनो. तुमच्या घरात, वर्गात कुणी एखादं काम टाळत असेल, सगळ्यांच्या पुढे जायला कचरत असेल, तर त्याला आळशी, भित्रा असं म्हणायची घाई करू नका. त्याच्या शेजारी येऊन बसा आणि विचारा, काय होतंय रे तुला? असलं उत्तर चटकन येत नाही. तो गप्प राहील, इकडेतिकडे बघेल, विषय बदलेल. तरी उठून जाऊ नका. बसून राहा.